ओट्यावरचे बेडूकमासे

रविवार, २२ जुलै १९५६

ही वही फक्त निरीक्षणांसाठी. घरगुती मजकूर यात लिहायचा नाही, असं ठरवून सुरुवात करतो.

आज सकाळी सुपडूच्या केळीच्या मळ्यातून, पाटाच्या कडेला साचलेल्या पाण्यातून, सेहेचाळीस बेडूकमासे आणले. पुस्तकात त्यांना 'भैकेर' म्हटलं आहे, पण तो शब्द वर्गात उच्चारला की मुलं हसतात. सुपडूचा थोरला माझ्याकडे शिकून गेला, त्यामुळे सुपडू मला नाही म्हणत नाही, पण मी धोतर वर खोचून पाण्यात उतरलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, काय करी राहिले तुम्ही? बेडकं पोसता का आता?" मी म्हटलं, हो.

कारण असं. नोव्हेंबरपासून आपलं राज्य नवं होणार. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे जाणार, आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहणार, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला. त्याआधीच वरून पत्रक आलं आहे की शास्त्र हा विषय यापुढे वस्तू दाखवून शिकवावा, आणि हळूहळू हिंदीतून शिकवावा. सप्टेंबरात खांडव्याहून इन्स्पेक्टरसाहेब बघायला येणार. मी तेवीस वर्षं बेडकाचा जीवनक्रम फळ्यावर काढून शिकवतो आहे. जिवंत काही कधी दाखवलं नाही. हेडमास्तर म्हणाले, अनंतराव, या वेळी काहीतरी करा.

शाळेची शास्त्राची खोली गळते, म्हणून टाकी स्टेशनजवळच्या लालबागेतल्या घरी ठेवली आहे. चौकट पेट्या करणाऱ्या कडूकडून करून घेतली, काचा शेजारच्या सकीनाबाईंच्या दुकानातल्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद. ओट्यावर सकाळचं ऊन येतं तिथे मांडली. तिथे ही भाजी निवडायला बसते. ही म्हणजे माझी पत्नी, आशाबाई. तिने टाकीकडे पाहिलं, किती दिवस म्हणून विचारलं. दोन महिने म्हटलं. तिने सूप उचललं आणि दुसऱ्या बाजूला बसली.

मंगळवार, २४ जुलै

चार मेले. शिल्लक बेचाळीस.

आहार: शिजवलेला भात, सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. वाढत्या प्राण्याला भरपूर अन्न लागतं. ही म्हणाली की एवढ्याशा जिवांना एवढा भात म्हणजे आपण दोघांनी पंगतीचं जेवण रोज जेवायचं. मी तिला वाढीचा सिद्धान्त समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

पाणी किंचित दुधाळ.

शुक्रवार, २७ जुलै

आज सकाळी अकरा जण पालथे तरंगत होते. शिल्लक एकतीस. पाण्याला वास. इतका की दूधवाला गोटू ओट्याची पायरी चढला नाही, खालूनच माप ओतून गेला.

शाळेत दिवसभर लक्ष लागलं नाही. सहावीच्या मुलांनी विचारलं, सर, आमचे बेडूक कसे आहेत? मी बरे आहेत म्हणालो. मुलांशी खोटं बोललो, आणि तेही बेडकांवरून. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

घरी आलो तेव्हा हिने विचारलं, टाकी टाकून द्यायची का. मी नको म्हटलं.

रविवार, २९ जुलै

महत्त्वाचं निरीक्षण: पाणी आपोआप निवळलं आहे. काल शाळेतून आलो तर टाकी काचेसारखी स्वच्छ. तळाचा भातही दिसेना. याचा अर्थ असा की पुरेसं ऊन मिळालं तर साचलेलं पाणी स्वतःला शुद्ध करतं. अधोरेखित करून ठेवतो. मेलेले: शून्य.

आहारात बदल झालेला दिसतो. पाण्यात राजगिऱ्याची उकडलेली पानं आढळली. ही म्हणाली, भाजी निवडताना पडली असतील. ते ती पानं आवडीने कुरतडतात, तेव्हा पडू दे म्हटलं.

यादवजी आले होते. ते आमच्या शाळेत हिंदी शिकवतात. दर रविवारी आणि बुधवारी मला हिंदी शिकवायला येतात, बदल्यात हिच्या हातची शेवभाजी जेवतात. माझा सगळा जन्म याच गावात गेला, बाजारात हिंदी बोलतो, पण वर्गात उभं राहून शास्त्र सांगायचं म्हटलं की लिंगं चुकतात. पूंछ स्त्रीलिंगी, पंख पुल्लिंगी, आणि माझी जीभ दोघांचं लग्न लावते. यादवजी मला वाक्यावाक्याला थांबवतात. हिच्याशी तासभर बोलतात, तिला मात्र एकदाही दुरुस्त करत नाहीत. पाहुण्याने यजमानणीची चूक काढू नये ही रीत ते पाळतात. सभ्य माणूस.

शुक्रवार, ३ ऑगस्ट

घरगुती मजकूर लिहायचा नव्हता, पण आज लिहितो.

शाळेत कागद आला. नव्या मध्य प्रदेशात राहायचं की मुंबईच्या बाजूला जायचं, हे प्रत्येक मास्तराने लिहून द्यायचं. शेवटची तारीख सप्टेंबरची पहिली. इन्स्पेक्टरसाहेब येतील तेव्हा सगळे कागद सोबत घेऊन जातील.

आणि योगायोग असा की आजच उषाचं पत्र आलं. आमची एकुलती एक, अमरावतीला दिली आहे, पदरात दीड वर्षाची मुलगी. लिहिते की अमरावती आता मुंबईकडे जाणार. बाबा, तुम्ही तिकडचं नाव दिलंत तर आमच्या गावात बदली मिळेल, आई रोज डोळ्यांसमोर राहील. मी पत्र मोठ्याने वाचलं. ही ऐकता ऐकता उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. चुलीचा धूर म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

लेकीजवळ जायचं म्हटल्यावर कोणत्या आईला भरून येणार नाही? मला काय वाटतं ते बाजूला ठेवायला हवं. माझे वडील याच तापीच्या काठी गेले, माझी शाळा इथे, मला रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ आहे. पण हिने बावीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही. आता न मागता कळलं तर न कळल्यासारखं करू नये.

मागचे पाय: सात जणांना फुटले. तांदळाच्या दाण्याएवढे.

गुरुवार, ९ ऑगस्ट

श्रावण लागल्यापासून ओट्यावर दुपारी बायकांची गर्दी असते, असं भाजीवाल्या सोजरबाईने सांगितलं. मी साडेपाचला घरी येतो तेव्हा पांगलेल्या असतात. सकीनाबाई असतात, मागच्या गल्लीतल्या मागवाल्या विणकरांच्या सुना असतात, त्यांची पोरं असतात. सोजरबाई म्हणाली, "बाई सांगतात न सारं. श्वास कुठून घेतो, पाय आधी मागचे का येतात. मी टोपलं खाली ठेवीसनी ऐकत बसते." मी विचारलं, कोणत्या भाषेत सांगतात? ती म्हणाली, "सगळ्यांना समजते त्या."

टाकीला धक्का लागू नये एवढी काळजी घ्या, असं मी हिला सांगितलं. तिने मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की अमरावतीला पाणी कसं असतं. मी म्हटलं, चांगलं असावं. तिकडे चित्त लागलंय तिचं.

गुरुवार, १६ ऑगस्ट

तापीला पूर येऊन गेला. पटकीच्या भीतीने विहिरींत जंतू मारायची पावडर टाकली आहे.

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. हातात वेळ होता, म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांच्या दृष्टीने टाकी चकचकीत करावी असं मनात आलं. ही सकीनाबाईंकडे गेली होती. सगळं पाणी काढलं, विहिरीचं ताजं पाणी शेंदून काठोकाठ भरलं. काचा राखेने घासल्या. समाधान वाटलं.

दोन तासांनी ते उलटेपालटे होऊ लागले. मी चमच्याने एकेकाला सरळ करत होतो, ते पुन्हा उलटे होत होते. ही आली, टाकीत हात घालून वास घेतला आणि स्वयंपाकघरातली पिण्याच्या पाण्याची घागर आणून दुसऱ्या पातेल्यात ओतली, जिवंत होते ते त्यात टाकले. दहा गेले. शिल्लक एकवीस.

गेलेल्यांतल्या सहा जणांना पाय होते. मला जेवण गेलं नाही.

रविवार, १९ ऑगस्ट

आज पुन्हा मोजले. एकोणतीस.

तीन वेळा मोजले. एकोणतीसच. म्हणजे बुधवारी दुःखाच्या भरात माझी मोजणी चुकली होती. गणितही शिकवणारा मास्तर असून. पण इतका आनंद कधी चुकीचं उत्तर आल्याचा झाला नव्हता. हिला बोलावून दाखवले. ती म्हणाली, बरं झालं.

मात्र एक चमत्कारिक बाब: आठ जणांची वाढ मागे गेली आहे. पाय नाहीत, अंग लहान. पाण्यातल्या त्या पावडरीचा धक्का बसून फुटलेले पाय विरून गेले असावेत का? कोणत्याही पुस्तकात असा उल्लेख नाही. इन्स्पेक्टरसाहेबांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

सुपडू शुक्रवारी दुपारी केळीचा फणा आणि एक झाकलेली पितळी कासंडी देऊन गेला म्हणे. केळी गोड आहेत. कासंडीत काय होतं ते विचारायचं राहिलं.

ओट्यावर हल्ली दोन पराती पाणी भरून उघड्या ठेवलेल्या असतात. हिचं श्रावणातलं काही व्रत असेल. मी विचारत नाही.

मंगळवार, २८ ऑगस्ट

काल पहिल्या बेडूकमाशाला पुढचे पायही आले. चारी पाय आणि शेपूट. मी शाळेत जाऊन सहावीला सांगितलं तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आलो तर तोच मेलेला. बुडून मेला असावा असं ही म्हणाली. त्याला टेकायला जागा कुठे आहे? मी म्हटलं, अगं, बेडूक पाण्यात कसा बुडेल? ती म्हणाली, आता तो नाकाने श्वास घेतो ना.

आज सकाळी पाहतो तर छपराचं एक कवेलू घसरून टाकीत पडलेलं. नशिबाने काच फुटली नाही. बरोबर तिरकं, अर्धं पाण्यात, अर्धं वर. काढायला हात घातला तर त्यावर दोन चिमुकले बेडूक बसलेले, गळा धपधप हलतोय. तसंच राहू दिलं. पावसात गळू नये म्हणून छपरावर कवेलू कुठलं निघालं ते शोधलं. सापडलं नाही.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

आज कागद भरून हेडमास्तरांकडे दिला. मुंबईची बाजू. पसंतीचा जिल्हा: अमरावती.

पेन हातात घेऊन शिक्षकखोलीत अर्धा तास बसलो होतो. यादवजी समोर होते. म्हणाले, मास्टरजी, मेरी हिंदी से डर के तो नहीं जा रहे? मी हसलो. थोडं तेही आहे, नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी गेलो नसतो.

घरी येऊन हिला सांगितलं, भरला. ती पोळ्या लाटत होती. बरं म्हणाली. लाटणं थांबलं नाही. खूश होऊन काही बोलेल असं वाटलं होतं, पण तिचा स्वभाव तसा नाही.

जेवताना म्हणाली की कढीपत्त्याचं झाड सकीनाबाईंना देऊन टाकते, कुंडीतून नेता येणार नाही. मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. म्हणाली, त्यांच्याकडे मूळ धरायला वेळ नको का?

गुरुवार, ६ सप्टेंबर

सविस्तर लिहितो.

इन्स्पेक्टरसाहेब साडेतीनला हेडमास्तरांसोबत घरी आले. टाकी हलवता येत नाही म्हणून तेच आले. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, हिंदी बोलणारे. वाकून टाकी पाहिली. कवेलूवर नऊ बेडूक, पाण्यात बाकीचे. बराच वेळ पाहत राहिले. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. कल्ल्यांपर्यंत आलो आणि हिंदी शब्द आठवेना. आतून दाराआडून हळूच आवाज आला, "गलफड़े." मी पुढे गेलो.

साहेबांनी विचारलं, पाणी किती दिवसांनी बदलता? मी म्हटलं, बदलावं लागत नाही, धूप से अपने आप साफ हो जाता है. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आणखी दोन शाळांनी टाक्या केल्या होत्या. विहिरींत पावडर पडली त्या आठवड्यात दोन्हीकडचे सगळे मेले. आपके कैसे बचे?

मी टाकीकडे पाहिलं, टाकीशेजारच्या दोन परातींकडे पाहिलं. त्या रोज तिथेच होत्या.

दाराआडून ही म्हणाली, "परात में दिन भर खुला रखते हैं, साहब. बास उड़ जाती है, तब डालते हैं. और आधा ही बदलना, पूरा नहीं."

साहेब दाराकडे वळले आणि म्हणाले, बहनजी, बाहर आइए. ती आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभी राहिली. त्यांनी एकेक विचारलं, तिने एकेक सांगितलं. भात कुजतो, म्हणून पान उकडून द्यायचं, तेही चिमूटभर, आणि तासाभराने उरलेलं काढून घ्यायचं. दुपारचं ऊन चढलं की ओलं पोतं टाकायचं. पाय आले की पाला कमी करायचा, अंड्याचा पिवळा बलक कणभर द्यायचा. तो सकीनाबाईंच्या घरून यायचा, कारण आमच्याकडे अंडं येत नाही. पुढचे पाय आले की टेकायला उतार द्यायचा. कवेलू तिने न्हाणीघराच्या मागच्या ढिगातून आणलं होतं. साफ, सरळ हिंदी. पूंछ स्त्रीलिंगी, पंख पुल्लिंगी असणार, मी लक्ष देत नव्हतो. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

मग साहेबांनी त्या लहान आठांकडे बोट दाखवलं. ये इतने छोटे क्यों? हिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुछ देर से बढ़ते हैं, साहब." साहेब हसले. तेव्हा माझं अनुमान निदान तेवढं तरी बरोबर होतं.

निघताना ते मला म्हणाले की तुमचा कागद पाहिला, तुम्ही तर मुंबईवाल्यांत चाललात, अफ़सोस है.

ते गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावरच बसलो. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेने लिहीत होता."

मला राग आला नाही. यायला हवा होता की काय, कळत नाही. मी म्हटलं, जाऊ दे, अमरावतीला गेल्यावर उषा आहे, नात आहे, तुला बरं वाटेल. ती टाकीकडे बघत होती. म्हणाली, "मला कोणी विचारलं?"

मी म्हटलं, पत्र वाचलं तेव्हा तू रडलीस.

"रडले. लेक बोलावते आणि मला जावंसं वाटत नाही, म्हणून रडले. उषाकडे मी महिनाभर जाईन, दोन महिने जाईन. तिच्या सासरच्या गावात जन्मभर तिची आई म्हणून राहायचं म्हणजे काय? इथं बाया मला ओट्यावरून हाक मारतात. काल मागवाल्यांची सून विचारत होती, भाभी, कल क्या बताओगी?" मग म्हणाली, "तुम्हाला हिंदीचा जाच होतोय, रोज बघते. वाटलं, तुम्हाला तिकडे सुख लागेल. म्हणून गप्प बसले."

मी सांगितलं की मला जायचं नव्हतं. तिच्यासाठी भरला.

ती माझ्याकडे वळली. "मग आपण दोघं कोणासाठी चाललो होतो?"

कागद साहेबांच्या बॅगेत आहे. ते उद्या सकाळच्या गाडीने खांडव्याला जाणार.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

सकाळी स्टेशनवर गेलो. घरापासून दहा मिनिटांची वाट. मी एकटा निघालो होतो. ही चपला घालून दारात उभी होती. तुम्ही अडखळलात तर, म्हणाली.

साहेब बाकावर बसून चहा पीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि बोलू लागलो. काय बोललो ते शब्द न् शब्द आठवत नाही. इतकं आठवतं की गलत पर्चा भर दिया म्हणालो, घर में पूछा नहीं था म्हणालो. मध्ये कुठे थांबलो नाही. ही माझ्या मागे दोन पावलांवर उभी होती, आणि तिला एकदाही बोलावं लागलं नाही.

साहेब म्हणाले की तारीख उलटली आहे. हे मलाही माहीत होतं. गाडीची घंटा झाली. त्यांनी बॅग उघडली, दोरी बांधलेला गठ्ठा काढला, माझा कागद शोधायला लागले. खालून तिसरा निघाला. माझ्याकडे देताना म्हणाले, "मास्टरजी, अब किसके कहने पर बदल रहे हैं?"

मी म्हटलं, "दोनों के."

बाकावर कागद ठेवून 'मुंबई' खोडलं, वर 'मध्य प्रदेश' लिहिलं, अमरावती खोडलं, शेजारी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. हिने कागद वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बोटांनी धरला होता. शाई वाळेपर्यंत साहेबांनी थांबू दिलं. गाडी येऊन उभी होती.

डब्यात चढल्यावर ते खिडकीतून हिला म्हणाले की शेरेपुस्तकात मी लिहून ठेवलं आहे: ज्यांनी हे वाढवले त्यांनीच मुलांना सांगावं. आप स्कूल आइए. घरी येताना तिने तीन वेळा विचारलं की त्यांनी खरंच लिहिलं असेल का.

उषाला पत्र टाकलं. मजकूर हिने सांगितला, मी लिहिला. दिवाळीला येतो, महिनाभर राहीन, पण येताना कुलूप लावून येऊ, बिऱ्हाड घेऊन नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

वीस बेडूक सुपडूच्या पाटावर सोडले. ही सोबत आली होती. ओंजळीतून एकेक सोडला, काही लगेच उड्या मारत केळीच्या बुंध्यांकडे गेले, काही तिच्या बोटावर बसून राहिले. तिने घाई केली नाही. सुपडू मला काहीतरी सांगायला लागला होता, इतक्यात हिने पोळ्यांचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या सुनेची चौकशी सुरू केली.

उरलेले आठ शाळेसाठी ठेवले आहेत. तेही आता पाय धरू लागलेत.

शनिवार, २२ सप्टेंबर

आज ती शाळेत आली.

साहेबांनी खरंच लिहिलं होतं. हेडमास्तरांनी शेरा वाचून दाखवला आणि परवानगी दिली. आठ जण बरणीत घालून टांग्याने नेले; बरणी तिने मांडीवर धरली होती. निळं लुगडं नेसली होती. वर्गाच्या दाराशी आल्यावर म्हणाली, तुम्ही समोर उभे राहू नका, मला सुधरणार नाही. म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, दोन मुलांच्या मध्ये. गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

सुरुवातीला आवाज ऐकू येत नव्हता. पहिल्या बाकावरच्या मुलाने म्हटलं, बाई, जोरात. तेव्हा ती हसली, आणि मग नीट झालं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, ज्याने ज्या भाषेत विचारलं त्याला त्या भाषेत. यादवजी दाराशी येऊन उभे होते, त्यांचा स्वतःचा तास बुडवून. बरणी बाकाबाकांवरून फिरली. एकाही मुलाने हलवली नाही. माझ्या तासाला खडूचे तुकडे फेकणारी हीच मुलं.

किती मेले, असं एकाने विचारलं. तिने खरा आकडा सांगितला. कशाने मेले, तेही सांगितलं. पण कोणी भात घातला आणि कोणी पावडरीचं पाणी भरलं ते सांगितलं नाही. आमच्याकडून चुकलं, एवढंच म्हणाली.

मग खिडकीजवळच्या मुलाने विचारलं, "बाई, शेपूट कुठे जाते? गळून पडते का?"

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. मी उत्तर द्यायला अर्धा उठलोही होतो. तेवीस वर्षं मी 'शेपूट शोषली जाते' असं सांगतो आणि मुलं ते वहीत लिहितात.

तिने बरणी उंच धरली. म्हणाली, "पडत नाही. त्या दिवसांत त्याला खाता येत नाही, तोंड नवं होत असतं. मग जवळ जे आहे त्यावरच तो भागवतो. शेपूट आतल्या आत पुरवून पुरवून वापरतो. ती संपते तोवर पाय भक्कम झालेले असतात."

मी खाली बसलो. शेजारच्या मुलाकडे पेन्सील मागितली आणि हे वाक्य लिहून घेतलं.